कोराडीची वाट आणि जुन्या अटींची वही

नागपूरच्या मानकापूर चौकातून छिंदवाडा मार्गाला लागले की थोड्याच वेळात आभाळात कोराडीच्या चिमण्या दिसू लागतात. कोणाला वाट विचारावी लागत नाही. चिमण्यांच्या दिशेने जात राहिले की कोराडी येते. या गावाला दोन प्रकारची माणसे येतात. एक जगदंबेच्या मंदिरात येणारी आणि दुसरी विद्युत केंद्रात कामाला येणारी. आम्ही उत्तर नागपुरातील एका छोट्या वाचनालयाची सहा-सात मंडळी तिसऱ्याच कामासाठी गेलो होतो. विजेचे केंद्र वाढवायचे असेल तर परवानगी कोण देतो, कशी देतो आणि त्या परवानगीत शेजारच्या गावातील माणसाला काही स्थान आहे की नाही, हे प्रत्यक्ष त्या जागी उभे राहून समजून घ्यायचे होते.

आमच्यात कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली होत्या, एक निवृत्त गुरुजी होते, बाकी नोकरी-धंद्याची मंडळी. गुरुजींच्या पिशवीत पर्यावरण मंजुरीच्या नियमांची प्रत होती आणि भगिनींच्या पिशवीत पोळ्या, झुणका आणि मिरचीचा ठेचा. दोन्ही शिदोऱ्या त्या दिवशी उपयोगी पडल्या.

तलावाकाठचे केंद्र

तलावाच्या काठावर उभे राहिले की केंद्राचा पसारा नजरेत भरतो. उंच चिमण्या, वाफ सोडणारे कुलिंग टॉवर, कोळसा वाहून नेणारे लांबच लांब पट्टे. कुलिंग टॉवरमधून निघते ती पांढरी वाफ असते, धूर नव्हे. धूर चिमणीतून जातो आणि पुष्कळदा तो डोळ्यांना दिसतही नाही. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मुलींना नवल वाटले. जे डोळ्यांना मोठे दिसते ते निरुपद्रवी आणि जे दिसत नाही तेच छातीत जाते.

कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. १९८३ पर्यंत सात संच उभे राहिले. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे १,१०० मेगावॅट होती. कालांतराने हे संच म्हातारे झाले आणि एकेक करून बंद होत गेले. त्यांपैकी फक्त २१० मेगावॅटच्या सहाव्या संचाचे नूतनीकरण करण्यात आले. दरम्यान २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच सुरू झाले. म्हणजे १,९८० मेगावॅट नवी क्षमता. त्यावर आणखी दोन, पुन्हा ६६० मेगावॅटचेच संच उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. बंद झालेल्या जुन्या संचांच्या बदल्यात हे नवे संच, अशी त्याची मांडणी होती. त्यासाठी २९ मे २०२३ रोजी कोराडीत जनसुनावणी झाली. भर उन्हाळ्यात झालेल्या त्या सुनावणीच्या बातम्या आमच्या वाचनालयात मोठ्याने वाचल्या गेल्या होत्या. तेव्हापासूनच कोराडीला जाण्याचे आमच्या मनात होते.

केंद्राला पाणी लागते, ते पेंच प्रकल्पातून येते. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून तेही कोराडीला पुरवले जाते. त्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता दररोज १३ कोटी लिटर आहे. आपल्या मोरीतून वाहून गेलेले पाणी पुन्हा आपल्याच घरात दिवा होऊन येते, असे म्हटले तरी चालेल. ही गोष्ट खरोखर चांगली आहे आणि चांगल्याला चांगले म्हणायला हवे.

राखेची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोमागे तीस ते पंचेचाळीस किलो राख निघते. एवढ्या मोठ्या संचाला रोज हजारो टन कोळसा लागतो. मग राख किती होत असेल, याचा हिशेब चौथीतले मूलही मांडेल. काही राख सिमेंटसाठी आणि विटांसाठी जाते. उरलेली पाण्यात कालवून मोठाल्या बंधाऱ्यांत सोडली जाते.

वीज कोणासाठी?

झाडाखाली डबा सोडला तेव्हा मंडळींत वाद निघाला. एकाचे म्हणणे, केंद्र वाढूच नये. दुसऱ्याचे म्हणणे, मग पंखा बंद करून बसा. तेव्हा गुरुजींनी बाबासाहेबांची आठवण करून दिली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीज विकासाच्या समितीपुढे त्यांनी जे भाषण केले त्याचा आशय असा, की विपुल आणि स्वस्त वीज मिळाल्याशिवाय या देशात उद्योगधंदे वाढणार नाहीत आणि उद्योगधंदे वाढल्याशिवाय गरिबीतून माणसाची सुटका नाही. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच काळात.

तेव्हा विजेला विरोध करणे हा आपला मार्ग नव्हे. परंतु वीज कशासाठी, याचे बाबासाहेबांनी दिलेले उत्तर माणूस हेच होते. ज्या माणसासाठी वीज, त्यालाच तिची राख खावी लागत असेल आणि त्याबद्दल बोलायला त्याला जागा नसेल, तर हिशेब कुठेतरी चुकतो. वाद तिथेच मिटला. त्या दिवशी आमच्यापुढे एकच प्रश्न राहिला. बोलायला जागा आहे का?

एकच दार

सत्तरच्या दशकात कोराडीचे जुने संच उभे राहिले तेव्हा जनसुनावणीचा नियमच नव्हता. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ सालचा. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची पूर्वमंजुरी सक्तीची झाली ती २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने. तीत जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ साली. सध्या लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, आणि तिच्यात नंतर अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत.

दुसरीकडे विजेचा कायदा बदलला. २००३ च्या वीज कायद्यातील कलम ७ प्रमाणे कोळशावरचे वीजनिर्मिती केंद्र उभारायला परवाना लागत नाही, तांत्रिक मानके पाळली की झाले. बांधकामाची नियोजन परवानगी, पाणी व हवा कायद्यांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती आणि नंतर चालवण्याची संमती, अशा परवानग्या लागतात. पण त्या कागदांवर गावकऱ्याला समोरासमोर बोलावले जात नाही. त्याला अधिकृतपणे बोलावणारे दार एकच, ते म्हणजे पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी.

कोळशावरचे ५०० मेगावॅट व त्याहून मोठे केंद्र 'अ' वर्गात येते आणि त्याची मंजुरी दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाकडून मिळते. आधी अभ्यासाचे मुद्दे ठरतात. मग प्रकल्पवाला पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करतो. त्याचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ वृत्तपत्रांत किमान तीस दिवस आधी सूचना देऊन सुनावणी ठेवते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी अध्यक्ष असतो. सुनावणीचे चित्रीकरण होते. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो.

हे सारे आम्ही एका चहाच्या टपरीवर वाचत बसलो होतो. शेजारी महादुल्याच्या एक मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्या गेली होती ना सुनावनीले. आमाले वाटलं, हात वर कराले लावतीन. हो म्हनारे इकडं, नाही म्हनारे तिकडं. तसं काईच नाही झालं. मंग म्या आली घरी."

मावशींचा समज पुष्कळांचा असतो. सुनावणीत मतदान नसते. किती लोकांनी हजर राहावे याचीही अट नाही. शंभर माणसे 'नाही' म्हणाली म्हणून प्रकल्प थांबत नाही आणि हजार 'हो' म्हणाली म्हणून मंजूर होत नाही. मग सुनावणी कशासाठी? तिथे मांडलेला प्रत्येक मुद्दा कामकाजात नोंदला जावा आणि प्रकल्पवाल्याने अंतिम अहवालात त्याचे उत्तर द्यावे, यासाठी. दिल्लीची तज्ज्ञ समिती तो अहवाल आणि ते कामकाज पाहून शिफारस करते. म्हणजे तिथे हात मोजले जात नाहीत, मुद्दे मोजले जातात. नुसती घोषणा हवेत विरून जाते, पण नेमका प्रश्न कागदावर राहतो.

गुरुजींनी मावशींना हे सावकाश सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असं कोनी पयले सांगतलं असतं तं म्या इचारलं असतं. माह्याजवळ इचाराले होतं ना!"

खसाळ्याचा बंधारा

दुपारनंतर आम्ही खसाळ्याच्या बाजूला गेलो. कोराडी केंद्राचा राखेचा बंधारा या बाजूला आहे. १६ जुलै २०२२ रोजी, अतिवृष्टीच्या दिवसांत, हा बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांत आणि वस्त्यांकडे गेले, पुढे कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत पोहोचले. कन्हानचे पाणी नागपूर शहराच्या काही भागांत प्यायला येते. म्हणजे राखेची गोष्ट एकट्या खसाळ्याची राहिली नाही. ती नळाच्या तोटीपर्यंत आली.

ही घटना आणि नव्या संचांची सुनावणी, यांत वर्षभराचेही अंतर नाही. म्हणून आमच्यातील एका मुलीने जो प्रश्न विचारला तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटला. ती म्हणाली, "नवीन संचांची राख कुठे जाईल हे विचारायचं, ते ठीक. पण जुन्या राखेचं काय झालं, हे विचारायचा अधिकार आहे का?"

अधिकार आहे. आणि आमच्या मते साऱ्या नियमांतील सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे.

अटींची वही

प्रत्येक पर्यावरण मंजुरी अटींसह मिळते. राख कशी ठेवायची, चिमणीतून धूळ किती सोडायची, पाणी किती घ्यायचे, झाडे किती लावायची, अशा त्या अटी असतात. संच सुरू झाला की या अटींचा कागद फायलीत जातो आणि वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. पण केंद्राला वाढायचे असेल तेव्हा तो कागद बाहेर काढावाच लागतो. विस्ताराचा प्रस्ताव असेल तर जुन्या मंजुरीतील अटी पाळल्या की नाही, याचा मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने तपासून प्रमाणित केलेला अहवाल सादर करावा लागतो. विदर्भातील मंडळींसाठी हे कार्यालय दूर नाही. ते नागपुरातच आहे.

याचा अर्थ असा, की विस्ताराची मागणी म्हणजे जुन्या वहीची तपासणी. दुकानदाराकडे नवीन उधारी मागायला गेलो तर तो आधी जुनी बाकी काढतो. इथे दुकानदार जनता आहे. तिने जुनी बाकी विचारायलाच हवी.

आणि त्यासाठी विस्ताराची वाट पाहावी लागते असेही नाही. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. नियमानेच हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. ते मागायला वशिला लागत नाही. कोणी अडवले तर २००५ चा माहितीचा अधिकार हाताशी आहे.

चिमणीचेही तसेच. ७ डिसेंबर २०१५ ला कोळसा केंद्रांसाठी नवी मानके आली. २०१७ पासूनच्या नव्या संचांना एका घनमीटर वायूमागे धूळ ३० मिलिग्रॅम आणि गंधक डायऑक्साइड १०० मिलिग्रॅम एवढीच मर्यादा ठरली. गंधक काढून टाकायला वेगळे यंत्र लागते. ते आधीच्या तीन संचांना का बसवले नाही, हा प्रश्न २०२३ च्या सुनावणीच्या वेळी नागपुरात जोराने विचारला गेला. पुढे ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना या बाबतीत सूट दिली. मात्र दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत गंधकाचे मानक गाठण्याची मुदत ठेवली. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती. ही तारीख प्रत्येक नागपूरकराने घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी अशी आहे.

पोटाचाही प्रश्न

परतीच्या आधी एका काकांची गाठ पडली. त्यांनी आयुष्यभर ठेकेदाराकडे हजेरीवर काम केले होते. आमचे बोलणे ऐकून ते जरा रागावलेच. म्हणाले, "तुमी शयरातले लोकं येता, राख-राख करता. याच केंद्रावर माह्या पोराईचं शिक्षन झालं. नवे संच आले तं कामं निघतीन."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याच्या घरी चूल या केंद्रावर पेटली, त्याला केंद्र नको म्हणा असे सांगणारे आम्ही कोण? पण आम्ही त्यांना विचारले, नव्या संचांत कामे किती निघतील, गावातील पोरांना किती मिळतील, ती कायम असतील की हजेरीची, हे सुनावणीत कोणी विचारले का? कारण पर्यावरणाच्या अहवालात लोकांच्या जगण्यावर होणाऱ्या परिणामांचाही विचार करावा लागतो. रोजगाराचा प्रश्नही त्याच दारातून आत जाऊ शकतो. काका म्हणाले, "असं आहे का?" आणि मग आमच्यासोबत बराच वेळ बसले. मावशींचा राखेचा प्रश्न आणि काकांचा रोजगाराचा प्रश्न हे एकमेकांचे वैरी नाहीत. दोन्ही एकाच कागदावर लिहून देता येतात.

आता काय करायचे?

कोराडीचा नवा प्रस्ताव सुनावणीनंतर पुढे सरकला आणि २०२५ साली दोन संचांच्या उभारणीचे काम भारत हेवी इलेक्ट्रिकल्सला मिळाले. तेव्हा कोणी म्हणेल, आता बोलून काय उपयोग? परंतु मंजुरी म्हणजे शेवट नव्हे. नव्या मंजुरीच्या नव्या अटी असतात आणि त्या पाळल्या जातात की नाही, हे संच चालेल तितकी वर्षे विचारता येते.

महाराष्ट्रात जिथे जिथे आपले वाचक विद्युत केंद्राच्या शेजारी राहतात, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, तिथे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

वृत्तपत्रातील जनसुनावणीची सूचना कापून ठेवावी. तीस दिवसांतले पहिले आठ दिवस मराठी सारांश मिळवून सामूहिक वाचन करावे. विहारात, समाजमंदिरात, महिला मंडळात, जिथे बसता येईल तिथे बसावे. वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला वाचून दाखवावे. सुनावणीत स्थानिक बाधित लोकांना बोलता येते. इतर संबंधितांना लेखी म्हणणे देता येते. ज्यांना माईकसमोर बोलायचा संकोच वाटतो त्या भगिनींनीही लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. शेवटी गोषवारा वाचला जातो तेव्हा घरी जायची घाई करू नये. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथल्या तिथे उठून सांगावे.

मंजुरी मिळाली आणि ती अन्यायाची वाटली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करता येते. त्याची मुदत तीस दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते, त्यापुढे नाही. अन्याय कितीही मोठा असला तरी तारीख चुकली की दार बंद होते, हे आपल्या समाजातील शिकल्या-सवरल्या मुलामुलींनी लक्षात ठेवायला हवे.

आमच्या वाचनालयात आता एक जाड वही आली आहे. मुलींनी तिच्यावर 'कोराडी' असे लिहिले आहे. डाव्या पानावर अट, उजव्या पानावर सहामाही अहवालातील उत्तर, अशी तिची आखणी आहे. काही उजवी पाने भरतील, काही कोरी राहतील. कोरी राहिलेली पाने घेऊन मावशी आणि काका आमच्यासोबत प्रादेशिक कार्यालयात येणार आहेत. तसे दोघांनीही कबूल केले आहे.